असं लिहायलाच नको होतं

आपण रडत नव्हतो, हे माझ्या भाच्याने मला नंतर बजावून सांगितलं. 2025 च्या डिसेंबरातला रविवार होता. सकाळी ताईच्या हॉलमध्ये आम्ही दोघंच जागे होतो. टीव्हीचा आवाज अगदी बारीक, कारण बाकीचं घर अजून रजईत. तिकडे वॉशिंग्टनला शनिवारची रात्र होती आणि डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन टीव्ही-कुस्तीतला जॉन सीना आयुष्यातली शेवटची मॅच खेळत होता. गुंथरने मागून त्याच्या गळ्याला मिठी घातली होती. सीना उठायचा, सुटायचा, पुन्हा सापडायचा. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं आणि त्याने टॅप केलं. ज्याच्या टी-शर्टांवर, टॉवेलांवर, मनगटातल्या पट्ट्यांवर इतकी वर्षं ‘नेव्हर गिव्ह अप’ छापून विकलं गेलं, त्याने हसत हसत हार मानली. लोकांना आधी कळलंच नाही, मग हुर्यो सुरू झाली. सगळ्या कथानकांची सूत्रं ज्याच्या हातात आहेत तो ट्रिपल एच समोर आल्यावर तर लोकांनी त्याला अक्षरशः धारेवर धरलं. भाचा स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाला, “मावशी, असं लिहायलाच नको होतं गं.”

गुंथरने चीटिंग केलं, असं तो म्हणाला नाही. सीना आता थकलाय, असंही नाही. त्याने थेट लिहिणाऱ्याची चूक काढली. म्हणजे हे सगळं आधी ठरवलेलं असतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी डोळे लाल. या दोन गोष्टी एकाच पोराच्या आत शेजारी शेजारी कशा राहतात, हे कोडं काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या लहानपणी वाद एकच असायचा, खरं की खोटं. वाडाभर ट्रम्प कार्डांचे डाव चालायचे. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स आणि शेवटी ‘फाइट्स फॉट’, ‘फाइट्स वन’. त्या जिंकलेल्या मॅचच्या आकड्यांवरून आम्ही एकमेकांशी खरोखरची भांडणं केली आहेत. अंडरटेकर सात वेळा मेलाय, ही माहिती शाळेच्या व्हॅनमधून घरोघर पोचली होती आणि ती नाकारायची कुणाची टाप नव्हती. 1996 साली तो हिंदी सिनेमात आला तेव्हा आम्ही भारावून गेलो. पुढे मोठेपणी कळलं, की पडद्यावरचा तो ब्रायन ली होता. हाच माणूस 1994 च्या समरस्लॅम या मोठ्या शोमध्ये तोतया अंडरटेकर म्हणून खऱ्या अंडरटेकरसमोर उभा राहिला होता. आमच्या वाट्याला तोतयाच आला होता. पण ज्याने कुणी “अगं, ते सगळं ठरलेलं असतं” असं पहिल्यांदा सांगितलं, त्याचा राग मात्र आजही पुरता गेलेला नाही.

आजोळ कोल्हापूरजवळचं, त्यामुळे घरात खऱ्या कुस्तीचं वारं होतं. आजोबा टीव्हीवरच्या कुस्तीला ‘तमाशा’ म्हणत आणि चष्मा पुसून पुढची मॅच बघायला बसत. जत्रेचं पत्रक आलं की मात्र त्यांचा सूर बदलायचा. पत्रकावर जोड्यांचे फोटो, खाली इनामाची रक्कम. मग पडवीत चर्चा रंगायची, ही जोड बरोबरीची नाही, ह्याला त्याच्यावर कशाला सोडलाय, हा अजून कच्चा आहे. जोड लावणाऱ्यांना इतक्या शिव्या बसायच्या की पैलवानाला कधी बसल्या नसतील. एखादी कुस्ती बरोबरीत सोडवली की परत आलेल्या माणसांचं तोंड कडू झालेलं असायचं, कारण लोकांना निकाली कुस्ती हवी असे. आणि कधी तरी आजोबा आवाज खाली आणून म्हणत, “नुरा होती.” दोघांचं आधीच ठरलेलं. चार लोकांना कळलं, बाकीच्यांनी फेटे उडवले. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या गप्पा मी अशा कानांनीच ऐकल्या. मला कुणी मैदानात नेलं नाही. तेव्हा पोरींना नेतही नसत. हलगी वाजू लागली की आम्ही बहिणी माळवदावर जाऊन उभ्या राहायचो आणि गर्दीच्या ओरडण्यावरून कुस्ती ओळखायचो. लांबलेली आरोळी म्हणजे कुणी तरी सुटला. एकदम फुटलेली म्हणजे चितपट.

म्हणूनच असेल, आजही रेसलिंग बघताना माझं अर्धं लक्ष प्रेक्षकांच्या आवाजाकडे असतं.

2014 च्या जानेवारीत पिट्सबर्गला रॉयल रंबल झाली, तो आवाज मी विसरणार नाही. रंबलमध्ये एकामागून एक तीस जण रिंगमध्ये उतरतात आणि शेवटी उरतो त्याला रेसलमेनियात, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, टायटलची मॅच मिळते. लोकांना डॅनियल ब्रायन हवा होता. बुटका, दाढीवाला, कंपनीच्या कुठल्याच मापात न बसणारा. त्याला त्या रात्री सुरुवातीलाच ब्रे वायटकडून हरवून मोकळं केलं होतं, पण लोक आशा लावून बसले होते की तिसावा येणारा तोच असेल. तिसाव्या नंबरला संगीत वाजलं ते रे मिस्टेरिओचं. ज्याच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला नसेल, त्या रे मिस्टेरिओची लोकांनी हुर्यो उडवली. त्याचा बिचाऱ्याचा गुन्हा इतकाच, की तो ब्रायन नव्हता. रंबल जिंकला बटिस्टा, आणि घरी परतलेल्या हिरोचं स्वागत म्हणून लिहिलेला तो प्रसंग शिट्ट्याशिव्यांत बुडाला. दुसऱ्याच दिवशी लोकांचा लाडका पैलवान सीएम पंक कंपनी सोडून निघून गेला. कथानकाचे कागद फाटले ते असे. 6 एप्रिलला न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात ब्रायनने पहिली मॅच ट्रिपल एचशी जिंकली आणि शेवटच्या मॅचमध्ये बटिस्टाला टॅप करायला लावलं. त्याच रात्री अंडरटेकरची रेसलमेनियातल्या एकवीस विजयांची मालिका ब्रॉक लेस्नरने मोडली, तेव्हा त्याच सुपरडोममध्ये इतकी शांतता पसरली होती की लोक विश्वास ठेवायला स्क्रीनवरचा आकडा बघत होते. लोकांचा विजय म्हणावा तर ब्रायनच्या वाट्याला तो दोन महिनेच आला. मानेच्या दुखापतीमुळे जूनमध्ये त्याचं टायटल काढून घेतलं. मान कुणी लिहिलेली नव्हती.

आपल्यासाठी म्हणून लिहिलेलंही आठवतं. 2017 मध्ये भारतीय वंशाचा जिंदर महाल एकाएकी रँडी ऑर्टनला हरवून चॅम्पियन झाला. भारतातली बाजारपेठ डोळ्यांसमोर आहे, हे सांगायला कुणा विश्लेषकाची गरज नव्हती. मग डिसेंबरात दिल्लीचा शो आला. तोपर्यंत जिंदरने टायटल घालवलेलं, आणि दिल्लीत त्याला हरवलं कुणी, तर ट्रिपल एचने. लोक ट्रिपल एचच्याच नावाने ओरडत होते. आपल्याला हिरो म्हणून काय पाठवायचं हे त्यांनी ठरवलं आणि आपण भलत्यालाच टाळ्या दिल्या. मला तरी त्यात अपमान वाटला नाही, थोडं हसू आलं.

पण बुकिंगचा, म्हणजे कुणी जिंकायचं नि कसं हे ठरवण्याचा, विषय निघाला की माझं मन धाव घेतं ते बेकी लिंचकडे. बायकांच्या मॅच म्हणजे प्रेक्षकांनी पाणी प्यायला उठायची वेळ, अशा काळापासून मी बघते आहे. 2015 च्या फेब्रुवारीत रॉ या दर आठवड्याच्या शोमधली बायकांची एक मॅच अर्ध्या मिनिटात उरकली होती, तेव्हा लोकांनी त्याविरुद्ध हॅशटॅग चालवला आणि तो दिवसदिवस ओसरला नाही. तिथून तीन वर्षांनी, 2018 च्या समरस्लॅममध्ये, शार्लट फ्लेअर जिंकली आणि बेकीने तिला मिठी मारली. मिठी सुटली आणि बेकीने मैत्रिणीला बदडून काढलं. लिहिणाऱ्यांच्या हिशेबाने बेकी त्या क्षणी खलनायिका झाली होती. ब्रुकलिनच्या लोकांनी मात्र छप्पर उडवलं. वर्षानुवर्षं रांगेत मागे उभी राहिलेली बाई पुढच्या बाईचा हात झटकते, यात वाईट काय आहे, हे कुणालाच पटेना. पुढच्या आठवड्यांत तिच्या तोंडी प्रेक्षकांना फटकारणारी वाक्यं घातली. लोकांनी त्यांनाही टाळ्या दिल्या. शेवटी कागदाने माघार घेतली. नोव्हेंबरात नाया जॅक्सचा एक ठोसा खरोखरच लागला, बेकीचं नाक फुटलं, आणि रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने ती गर्दीत उभी राहून खाली बघत होती. तो फोटो आजही माझ्या लॅपटॉपवर आहे. ऑफिसातल्या एकाने विचारलं होतं, कोण ही? मी म्हटलं, नातेवाईक.

7 एप्रिल 2019 ला न्यू जर्सीत रेसलमेनियाची शेवटची मॅच पहिल्यांदाच बायकांची झाली. बेकी, शार्लट आणि राउंडा राउझी. तिकडे मध्यरात्र उलटलेली, इकडे सोमवारची सकाळ, लोक डबे पिशवीत टाकून कामाला लागलेले. मी ऑफिसच्या जिन्यात फोन कानाशी आणि डोळ्यांशी एकदमच धरून उभी होते. बेकीने राउंडाला उलटं गुंडाळून पिन केलं, म्हणजे तिचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवले, रेफरीने तीन मोजले, आणि राउंडाचा खांदा तिनाच्या आधी उचलला गेल्याचं सगळ्यांना दिसलं. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेला शेवट असा चुकतमाकत, खांदा वर राहून गेलेला. आमच्या ग्रुपवर दोन तट पडले. हे मुद्दाम, पुढच्या भांडणाची सोय, असं काहींचं म्हणणं. साधी गफलत, असं बाकीच्यांचं. मला आजोबा आठवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, पाठ टेकली का? आणि मी उत्तर टाळलं असतं.

याच्या उलट गोष्ट रोमन रेन्सची. त्याला हिरो म्हणून लोकांच्या घशात कोंबायचा प्रयत्न वर्षानुवर्षं चालला होता. 2015 ची रंबल फिलाडेल्फियात त्याने जिंकली, खुद्द द रॉकने येऊन त्याचा हात उंचावला, आणि हुर्यो ऐकून रॉकच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुणी लिहिलेलं नव्हतं. 2017 ला त्याने रेसलमेनियात अंडरटेकरला हरवलं. दुसऱ्या रात्री ऑरलँडोतच तो रिंगमध्ये माइक घेऊन उभा राहिला. लोक दहाएक मिनिटं त्याला शिव्या देत राहिले. त्याला तोंड उघडू देईनात. तोही थांबला. मग एकच वाक्य बोलून, हे अंगण आता माझं आहे असं सुनावून, निघून गेला. मला त्या दिवशी पहिल्यांदा तो आवडला. असा सहन करणारा माणूस खलनायक म्हणून केवढा शोभेल, हे टीव्हीसमोरच्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. लिहिणाऱ्यांना ते दिसायला आणखी तीन वर्षं लागली.

आणि ते झालं तेव्हा समोर प्रेक्षकच नव्हते, ही मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. 2020 चा रेसलमेनिया ऑरलँडोच्या एका रिकाम्या हॉलमध्ये चित्रित झाला. बुटांचा आवाज, श्वासांचा आवाज, दोरांचं करकरणं. एरवी हजारोंच्या गलक्यात बुडून जाणारी कुजबुज स्वच्छ ऐकू यायची. एखादा जिवाच्या आकांताने उडी मारायचा आणि पलीकडून काहीच यायचं नाही. नाटकाच्या तालमीला चुकून शिरल्यासारखं अवघडायला व्हायचं. ऑगस्टमध्ये भिंतीभर स्क्रीन लावून घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे त्यात भरले आणि स्पीकरवरून टाळ्या नि हुर्यो सोडली. बटण दाबून हुर्यो! त्याच महिन्यात रेन्स परतला, शेजारी त्याची बाजू मांडणारा मॅनेजर पॉल हेमन, आणि महिनाअखेर चॅम्पियन झाला. आवाज संथ, हालचाल कमी, घरच्यांनाच धाकात ठेवणारा कुटुंबप्रमुख. ज्याला लोकांनी पाच वर्षं उभं राहू दिलं नाही, तो लोक घरात कोंडलेले असताना उभा राहिला. प्रेक्षक परतले तेव्हा मूर्ती तयार होती, त्यांनी फक्त हात जोडले. मग लोकांचं बरोबर होतं म्हणायचं, की लोक बाजूला झाल्यामुळेच चांगलं लिहिता आलं? मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही एकत्र मान्य करताना जीभ अडखळते.

रेन्सकडे टायटल 1,316 दिवस राहिलं. 2023 च्या रेसलमेनियात कोडी ऱ्होड्स ते घेणार अशी सगळ्यांची खात्री होती. रेन्सच्या बाजूचा सोलो सिकोआ मध्ये घुसला आणि कोडी हरला. पुढच्या वर्षी कोडीने पुन्हा रंबल जिंकली, आणि 2 फेब्रुवारी 2024 ला त्याने आपली जागा मुकाट्याने द रॉकला देऊन टाकली. म्हणजे द्यायला लावली. लोक जे उसळले! आठवड्याभरात लास वेगासच्या पत्रकार परिषदेत कोडीने जागा परत मागितली, रॉकने त्याच्या थोबाडीत दिली आणि गाडी रुळावर आली. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात कोडी जिंकला. मी सोमवारी पहाटे साडेचारला उठून बघितलं आणि मनापासून ओरडले. शेजारच्यांनी नंतर विचारलं, सगळं ठीक ना?

ठीक होतं, पण थोडं खुपत होतं. कारण त्या मधल्या दोन महिन्यांत रॉक आम्हालाच ‘कोडी क्रायबेबीज’ म्हणून चिडवत होता. आमचा राग त्यांनी उचलला आणि कथानकात आणून बसवला. आता आम्ही हुर्यो उडवली की ती त्यांना हवीच होती, त्यांच्या खलनायकाचं काम सोपं होत होतं. 2014 मध्ये लोक कागद फाडत होते. 2024 मध्ये कागदावरच लोकांसाठी जागा सोडलेली होती. निकाल मला दुसऱ्या वेळचा जास्त आवडला, हेही खरं. आणि लोक म्हणतात, 2023 ची हार होती म्हणून 2024 ला गोडी आली. येईल ना. म्हणून 2023 ची फिनिश चांगली ठरत नाही. उपाशी ठेवून जेवायला वाढणाऱ्याच्या स्वयंपाकाचं कौतुक मी करणार नाही.

सीनाचंही तसंच केलं. 1 मार्च 2025 ला टोरोंटोत रॉकने इशारा केला आणि सीनाने कोडीला मिठीतून सोडून खाली पाडलं. वीसेक वर्षांच्या सज्जनपणानंतरचा टर्न, हिरोचा एकदम खलनायक! मी ती क्लिप भाच्याला दाखवली तेव्हा तो अर्धा तास कुणाशी बोलला नाही. एवढी मोठी ठिणगी, आणि रेसलमेनियात रॉक आलाच नाही. मदतीला आला रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट, सीना सतराव्यांदा चॅम्पियन झाला, आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा गुणी बाळ. का वाईट झाला, का चांगला झाला, धड उत्तर नाही. हे मात्र मी माफ करत नाही. हरवा, जिंकवा, पण कारण द्या.

शेवटच्या मॅचबद्दल माझं भाच्याशी अर्धंच जुळतं. जाणाऱ्याने नव्याला मोठं करून जायचं, हा या धंद्यातला जुना शिरस्ता आहे, आणि गुंथर त्या योग्यतेचा आहे. सीनाने हरायलाच हवं होतं. पण टॅप? 1997 मध्ये शिकागोला स्टीव्ह ऑस्टिन ब्रेट हार्टच्या शार्पशूटर या पाय पिळणाऱ्या पेचात अडकला होता. कपाळातून रक्त, तोंड वासलेलं, आणि त्याने टॅप केलं नाही. शुद्ध हरपली म्हणून मॅच संपली. हरला ऑस्टिन, आणि लोक घरी गेले ते ऑस्टिनचे होऊन. हार कशी लिहायची याचा धडा त्यांच्याच कपाटात होता. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने ती मॅच शोधून पाहिली आणि मान हलवून म्हणाला, “हे भारी लिहिलंय.”

आता पुढचं बोलायचं तर मला कथानकांपेक्षा खुर्च्यांची चिंता वाटते. 2026 चा रेसलमेनिया न्यू ऑर्लिन्सला जाहीर केला होता, तो उचलून सलग दुसऱ्यांदा लास वेगासला नेला. तिकिटांचे दर असे, की पिट्सबर्गच्या त्या रात्रीचा प्रेक्षक तिथे पोचणं कठीण. जो पोचतो तो सहलीला आलेला असतो. तो एंट्रीचं गाणं गातो, व्हिडिओ काढतो, कशालाच नाही म्हणत नाही. आणि 2027 ला रियाध. तिथे 2018 च्या शोमध्ये एकाही बाईला रिंगमध्ये उतरू दिलं नव्हतं. 2019 मध्ये नतालिया आणि लेसी इव्हान्स नखशिखान्त झाकलेल्या वेशात लढल्या, तेव्हा पहिल्यांदा तिथे बायकांची मॅच झाली. आता त्या तिथे चॅम्पियनशिपसाठीही लढतात, हे मान्य. पण ज्याने पैसे मोजून अख्खा शो आपल्या गावी नेला, त्याच्या मांडवात बसून कुणी हुर्यो उडवेल का? रियाध आपल्या अडीच तासच मागे आहे, तेव्हा त्या वर्षी पहाटेचा गजर लावावा लागणार नाही. भाच्याने आत्ताच जाहीर केलंय, की दोन्ही रात्री मावशीकडे मुक्काम, आणि या वेळी टीव्हीचा आवाज मोठा.